औषधांना दाद न देणारं नैराश्य: जवळचं योग्य क्लिनिक कसं शोधावं

दोन-तीन डॉक्टर झाले, गोळ्या बदलून झाल्या, तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही. घरचे मग नवं नाव शोधायला लागतात. कुणी म्हणतं पुण्याला दाखवा, कुणी म्हणतं मुंबईशिवाय इलाज नाही. आमचा सल्ला असा, की नाव शोधण्याआधी दोन संध्याकाळी जुने कागद लावण्यात घालवा. आधीच्या औषधांचा हिशेब हातात नसेल तर मोठ्यात मोठ्या रुग्णालयातला डॉक्टरही पहिल्या गोळीपासून सुरुवात करतो आणि रुग्णाचे आणखी तीन महिने जातात.

मात्र जीव द्यायचे विचार येत असतील, अन्नपाणी सुटलं असेल किंवा रुग्ण बोलायचाच थांबला असेल, तर कागद राहू द्या. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत असतो, मराठीतून बोलता येतं. फवारणीची औषधं आणि घरात साठलेल्या गोळ्या कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या, रुग्णाला एकटं सोडू नका. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरवला जात नाही. विचारा.

पायरी १: औषधांचा तक्ता

दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक पुरेशा मात्रेत, किमान सहा ते आठ आठवडे, रोज घेऊनही पुरेसा फरक पडला नाही, तर तज्ज्ञ त्याला ‘उपचारांना दाद न देणारं नैराश्य’ म्हणतात. या व्याख्येतला शब्दन् शब्द तपासायचा असतो. एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: औषधाचा घटक, मात्रा, कधीपासून कधीपर्यंत, काय फरक पडला, का बंद केलं.

घटक म्हणजे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं नाव. पुढचं ठळक नाव कंपनीचं असतं, आणि घोळ तिथेच होतो. भरलेला तक्ता साधारण असा दिसतो:

पहिली ओळ: एस्सिटालोप्राम, ५ मि.ग्रॅ. एक आठवडा, मग १० मि.ग्रॅ. दोन आठवडे. मळमळ झाली, आपणच बंद केलं.

दुसरी ओळ: सर्ट्रालिन ५० मि.ग्रॅ., पाच महिने. झोप थोडी सुधारली, बाकी तसंच. डॉक्टर बदलले.

तिसरी ओळ: एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकत्र असलेली गोळी, तीन महिने. दिवसभर सुस्ती, मन तसंच.

रुग्ण सांगतो, तीन औषधं झाली. कागद वेगळं सांगतो. पहिलं औषध तीनच आठवडे घेतलं, ते धरता येत नाही. दुसऱ्याचा काळ भरपूर आहे, पण ५० ही सर्ट्रालिनची सुरुवातीची मात्रा. ती २०० पर्यंत नेता येते आणि इथे कुणी वाढवलीच नाही. तिसरं औषध म्हणजे पहिलंच, फक्त कंपनी वेगळी आणि जोडीला झोपेची गोळी. शिवाय अशा जोडगोळीत एक अडचण असते: एस्सिटालोप्राम वाढवायला गेलं की क्लोनाझेपामही वाढतं, म्हणून मात्रा वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहते. या रुग्णाला कदाचित क्लिनिक बदलायचीही गरज नाही. हाच कागद सध्याच्या डॉक्टरांपुढे ठेवला तरी पुढचं पाऊल दिसतं.

प्रौढांमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या मात्रा साधारण अशा: एस्सिटालोप्राम १० ते २० मि.ग्रॅ., सर्ट्रालिन ५० ते २००, फ्लुओक्सेटिन २० ते ६०, व्हेन्लाफॅक्सिन ७५ ते २२५, मिर्टाझेपिन १५ ते ४५. वय जास्त असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर मर्यादा खाली येते. हे आकडे डॉक्टरांना प्रश्न विचारण्यासाठी आहेत, स्वतः गोळी वाढवण्यासाठी नाहीत.

सुटलेल्या गोळ्या प्रामाणिकपणे लिहा. गावी गेल्यावर राहिल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या, लग्नकार्यात पाकीटच नेलं नाही, सगळं. जुनी चिठ्ठी हरवली असेल तर नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे जा. तो बिलं संगणकावर करत असेल तर मोबाइल क्रमांकावरून जुनी खरेदी काढून देऊ शकतो, आणि त्यावर तारखा असतात.

पायरी २: दाद न मिळण्याची दुसरी कारणं

नव्या क्लिनिकला जाण्याआधी हे तपासून घेतलं तर एक फेरी वाचते. रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या. साठीच्या पुढे सोडियमही, कारण नैराश्याच्याच काही औषधांनी ते उतरतं आणि मग थकवा, गोंधळलेपणा हे आजारासारखंच दिसतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. ते भरून काढल्यावर नैराश्य आपोआप जाईल असं नाही, पण ते न भरता औषधं बदलत राहणं वाया जातं.

चालू असलेली इतर औषधं लिहा. अर्धशिशीसाठी दिली जाणारी फ्लुनारिझिनची गोळी आणि स्टिरॉइड मन खाली नेऊ शकतात. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन नैराश्याची कित्येक औषधं शरीरातून लवकर बाहेर काढतं, त्यामुळे मात्रा कागदावर पुरेशी आणि रक्तात अपुरी, असं होतं. काढे, चूर्णं, पुड्या, जिमची पावडर, सगळं सांगा. दारूही. रोजच्या क्वार्टरवर कोणतंच औषध नीट चालत नाही आणि ‘कधीतरी घेतो’ या उत्तराने डॉक्टरांची दिशा चुकते. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही तक्त्याखाली लिहा.

सगळ्यांत जास्त निसटणारी गोष्ट म्हणजे द्विध्रुवीय आजार. पूर्वी कधी चार-पाच दिवस सलग झोप कमी होऊनही भलताच उत्साह, न थांबणारी बडबड, उधळपट्टी, नवनव्या योजना असं झालं होतं का? रुग्णाला तो काळ ‘तेव्हा मी अगदी बरा होतो’ म्हणून आठवतो. खरं उत्तर बायको, नवरा, भाऊ किंवा आईकडून मिळतं. असा इतिहास असेल तर उपचारांची दिशाच बदलते, म्हणून पहिल्या भेटीला घरचं माणूस बरोबर हवं.

पायरी ३: शोधायचं कुठे

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसोपचारतज्ज्ञ असतात, आणि ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयांतही शिबिरं होतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. तिथे पुढचे उपचार नसतील तर संदर्भचिठ्ठी मागा.

दुसरा टप्पा वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं: मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरला घाटी, कोल्हापुरात सीपीआर. इथे आधी निवासी डॉक्टर तासभर सगळा इतिहास विचारतात. ‘शिकाऊ आहेत’ म्हणून त्रोटक उत्तरं देऊ नका. वरिष्ठ डॉक्टर निर्णय घेतात तो याच टिपणांवर. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पहिल्यांदा मंगळवारी गेलात तर पुढेही त्याच वारी जा, नाहीतर दर वेळी नवे डॉक्टर आणि तीच कहाणी.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं अनेकांच्या यादीतच नसतात, कारण नावाची धास्ती. तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो. दाखवायला गेलं म्हणजे भरती होणं नव्हे. दक्षिण सिंधुदुर्गातल्या लोकांना गोव्यातल्या बांबोळीची मनोविकार संस्था कोल्हापूर-मुंबईपेक्षा जवळ पडते. फारच गुंतागुंत असेल तर बंगळुरूचं निमहान्स.

खासगी तज्ज्ञ शोधताना पदवी वाचा. एम.डी. सायकियाट्री, डी.एन.बी. सायकियाट्री किंवा डी.पी.एम. यांपैकी एक हवी. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नावापुढे ‘डॉ.’ आणि पाटीवर ‘माइंड क्लिनिक’ असलेली व्यक्ती मानसशास्त्रातली पीएच.डी.ही असू शकते. ती समुपदेशन करेल, पण औषधं लिहू शकत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. बोलण्याचे उपचार घ्यायचे तर त्या व्यक्तीला मराठी नीट येतं का हे बघा. ‘जीव लागत नाही’, ‘डोकं भणभणतं’, ‘आतून रितं वाटतं’ या तिन्हींत फरक आहे आणि भाषांतरात तो हरवतो.

पायरी ४: फोनवर काय विचारायचं

स्वागतकक्षातल्या बाई म्हणतील, ‘आधी येऊन दाखवा.’ त्यांचं काम त्या करतात. तुम्ही शांतपणे एवढंच विचारा (ईसीटी म्हणजे भूल देऊन दिला जाणारा ‘शॉक’, आरटीएमएस म्हणजे मेंदूला चुंबकीय उत्तेजना; दोन्ही पुढच्या पायरीत समजावलेत):

‘मॅडम, तुमच्याकडे ईसीटी होते का? भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात? आरटीएमएसचं मशीन तुमच्याच इथे आहे की बाहेर पाठवता? पहिल्या भेटीला वेळ किती देतात? पुढची तारीख साधारण किती दिवसांनी मिळते? रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?’

उत्तरांमधून बरंच कळतं. पहिली भेट दहा मिनिटांची असेल तर तुमचा तक्ता वाचायला वेळच नाही. ‘हो, सगळं होतं, वीस सेशनचं पॅकेज आहे, आज बुक केलं तर सूट’ असं डॉक्टरांनी तपासण्याआधीच सांगणारी जागा यादीतून काढा. ‘ईसीटी आम्ही करत नाही, पण गरज पडली तर अमुक रुग्णालयात पाठवतो’ हे चांगलं उत्तर आहे.

पायरी ५: उपचार आणि अंतराचा हिशेब

जवळ म्हणजे किती जवळ, हे उपचारावर ठरतं, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात.

औषधांची फेररचना असेल तर लांबचा डॉक्टरही चालतो. महिन्यातून एक फेरी, मधे फोन. चालू औषधाला लिथियम किंवा अॅरिपिप्रॅझोल, क्वेटियापिन यांची जोड दिली जाते. लिथियम असेल तर जवळ भरवशाची प्रयोगशाळा हवी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. ही वेळ चुकली की आकडा चुकतो आणि मात्राही. पातळी साधारण ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात. थायरॉइड आणि क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी. निर्जळी उपवास, जुलाब, विदर्भातला मे महिना, वारीची पायपीट यांत अंगातलं पाणी कमी होतं आणि लिथियम चढतं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनने तेच होतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आरटीएमएस म्हणजे डोक्याजवळ चुंबकीय गुंडाळी धरून मेंदूच्या ठरावीक भागाला उत्तेजना देणं. भूल नाही, भरती नाही. पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे वीस ते तीस बैठका. जुन्या पद्धतीत बैठक वीस ते चाळीस मिनिटांची, थीटा-बर्स्ट पद्धतीत तीनेक मिनिटांची. साताऱ्याहून पुण्याला रोज येऊन हे जमेल का, हे आधी ठरवा. नातेवाइकांकडे महिनाभर राहणं बहुधा स्वस्त पडतं. मधे गणपती किंवा दिवाळीची सुट्टी येते का, तेही कॅलेंडर समोर घेऊन विचारा. पहिल्या दिवशी गुंडाळी डोक्यावर सरकवत, ताकद कमी-जास्त करत, तुमच्या हाताचा अंगठा कधी उडतो ते बघतात. त्यावरून तुमची मात्रा ठरते. हे मोजमाप न करता सगळ्यांना एकाच आकड्यावर बसवणारी जागा नको. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट, पेसमेकर किंवा आकडीचा आजार असेल तर आधी सांगा. कानात बोळे घालायला मागा, मशीन टकटक वाजतं. बैठकांचा खर्च एकेकीचा न विचारता पूर्ण फेरीचा विचारा.

ईसीटी, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘शॉक’, याबद्दलची भीती बरीचशी जुन्या सिनेमांची देणगी. आज ती भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन, विजेच्या झटक्याने थोडा वेळ आकडी आणून करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध या दोन्हींशिवाय ती देणं बेकायदेशीर आहे, आणि अठरा वर्षांखालच्यांना पालकांची संमती व मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी यांशिवाय देता येत नाही. तीव्र नैराश्यात, विशेषतः भास-संशय असतील किंवा खाणंपिणं सुटलं असेल तेव्हा, इतका भरवशाचा उपचार दुसरा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा. आदल्या रात्रीपासून उपाशी. पाणी आणि रक्तदाबाची गोळी भूलतज्ज्ञ सांगतील तशी. आकडी बहुधा मिनिटभराच्या आत संपते, तरी घरी परतेपर्यंत सकाळ जाते. डोकं दुखतं, त्या आठवड्यांतल्या आठवणी पुसट होतात, कुणाकुणाच्या आधीच्या काळातल्याही. तेवढे दिवस गाडी, आर्थिक सह्या आणि महत्त्वाचे निर्णय घरच्यांकडे द्या. क्लोनाझेपामसारख्या गोळ्या चालू असतील तर हमखास सांगा. त्यांच्यामुळे आकडी नीट येत नाही आणि उपचार फिका पडतो. पण त्या स्वतःहून एकदम तोडणं धोक्याचं आहे. फेरी संपली म्हणून औषधंही थांबवली तर आजार परतण्याची शक्यता खूप, म्हणून शेवटच्या दिवसाच्या आधीच पुढची योजना विचारून घ्या.

केटामाइनबद्दल हल्ली फार विचारणा होते. ते भुलीचं औषध, नैराश्यासाठी कमी मात्रेत सुमारे चाळीस मिनिटं सलाइनमधून देतात. काहींना काही तासांत हलकं वाटतं, मात्र परिणाम बऱ्याचदा थोड्या दिवसांत ओसरतो. म्हणून विचारायचा प्रश्न: ‘यानंतर काय?’ रक्तदाब चढतो, म्हणून मॉनिटर, ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस समोर हवा, नंतर दोनेक तास देखरेख आणि त्या दिवशी दुचाकी नाही. भारतात हे शेड्यूल एक्समधलं, कडक नियंत्रणाखालचं औषध आहे. कुणी ‘घरी घ्यायला’ देत असेल तर तिथून निघा.

पायरी ६: पहिली भेट

बरोबर न्या: तक्ता, गेल्या सहा महिन्यांतले रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (गोळ्या डब्यात काढून नको, पाकिटंच), डिस्चार्ज कार्ड, घरचं एक माणूस. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची पत्रिका मराठीतही मिळते, ती भरून न्या. गुण ० ते २७. वीस आणि त्यापुढे तीव्र. पुढे दर दोन आठवड्यांनी भरा आणि तारीख घाला. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, पाचच्या खाली आले तर आजार ओसरला असं धरतात. ‘जरा बरं आहे’ यापेक्षा १९ वरून १३ हा आकडा डॉक्टरांना जास्त सांगतो.

निघताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: निदान काय, हा उपचार किती आठवड्यांनी तपासायचा, आणि तेव्हा फरक नसेल तर पुढची पायरी कोणती. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसलेली जागा दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अपुरी आहे, डॉक्टर कितीही प्रेमळ असोत.

पैसे आणि कागद

त्याच २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तरी साध्या पॉलिसीत ओपीडी नसते, आणि आरटीएमएसवर वाद होतात. सुरू करण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपा; तोंडी होकाराचा उपयोग नाही. नकार लेखी घ्या, तक्रार आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे. सरकारी योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. महिन्याच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात घटकाचं नाव दाखवा.

लांबच्या मोठ्या रुग्णालयात एकदा सल्ला आणि गावाजवळच्या डॉक्टरांकडे रोजचे उपचार, ही रचना बहुतेकांना परवडते. ती मोडते एकाच कारणाने: मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी जवळच्या डॉक्टरांना वाचता येत नाही किंवा तिच्यात नुसती औषधांची नावं असतात. म्हणून निघण्याआधी एक पत्र मागा. त्यात निदान, कोणतं औषध कोणत्या मात्रेपर्यंत किती आठवड्यांत वाढवायचं, कोणत्या तपासण्या कधी, आणि काय दिसलं तर परत पाठवायचं, एवढं टाइप केलेलं असू द्या. स्वतःच्या नोंदी मिळणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे. पत्राच्या दोन झेरॉक्स काढा, एक जवळच्या डॉक्टरांच्या फाइलला आणि एक घरातल्या तक्त्याला टाचणीने लावा.